देहदानाचा अर्ज भरला आहे, आता घरच्यांनी काय करायचे?

आई-वडिलांनी देहदानाचा अर्ज भरून ठेवला असेल, तर एक गोष्ट आधी समजून घ्या. तो अर्ज म्हणजे त्यांची इच्छा. मृत्यूनंतर प्रत्यक्ष संमती जवळच्या नातेवाइकांनाच द्यावी लागते. मुलगी तयार आणि मुलाचा विरोध, असा वाद असेल तर शरीररचनाशास्त्र विभाग सहसा देह स्वीकारत नाही. त्यामुळे अर्ज कपाटात ठेवून भागत नाही, घरात बोलावे लागते. उलट, अर्ज भरलेला नसला तरी नातेवाइकांच्या संमतीने देहदान होऊ शकते.

काही वेळा आम्हाला नाही म्हणावे लागते. अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल, पोस्टमॉर्टेम झाले असेल, किंवा एचआयव्ही, हिपॅटायटिस बी यांसारखा संसर्ग असेल तर देह घेता येत नाही. नेत्रदान मात्र देहदानासोबत करता येते. डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून आधी नेत्रपेढीला फोन करा.

"पुढे त्यांच्या देहाचे काय होते?" हा प्रश्न नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात. मांडीतील किंवा मानेतील रोहिणीतून फॉर्मॅलिनयुक्त द्रव शरीरभर सोडला जातो, त्यामुळे देह कुजत नाही. मग एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी गटागटाने त्यावर कित्येक महिने शिकतात. अनेक महाविद्यालयांत त्याआधी देहाचा मान राखण्याची शपथ घेतली जाते. चित्रात पित्ताशयाची रोहिणी ठरलेल्या जागी असते, टेबलावर मात्र ती प्रत्येकात थोडी वेगळ्या वाटेने गेलेली सापडते. उद्या पित्ताशय काढणाऱ्या सर्जनला हे माहीत असावेच लागते. प्लास्टिकची मॉडेल्स आणि थ्रीडी सॉफ्टवेअर आमच्याकडेही आहेत, पण त्यांत सगळी माणसे सारखीच असतात.

धार्मिक विधी घरीच उरकून घ्या, अंत्यदर्शनही तिथेच. देह परत मिळत नाही. अस्थींबाबत प्रत्येक महाविद्यालयाची पद्धत वेगळी असते, ती आधीच विचारून ठेवा.

निघताना डॉक्टरांनी दिलेले मृत्यूचे प्रमाणपत्र आणि मृत व्यक्तीचे व संमती देणाऱ्यांचे ओळखपत्र सोबत घ्या. विभागाला फोन केल्याशिवाय मात्र निघू नका. देह नाकारला गेलाच, तर अंत्यसंस्कार कुठे करायचे हेही घरात ठरलेले असू द्या.