जपानीत पाणी कसे मागावे: पाच गैरसमज

जपानी शिकणाऱ्यांमध्ये आणि जपानला निघालेल्यांमध्ये साधे पाणी मागण्याबद्दलही बऱ्याच ऐकीव समजुती आहेत. बहुतेकींत सत्याचा थोडा अंश असतो, म्हणूनच त्या टिकतात.

गैरसमज १: 'मिझु ओ कुदासाइ' म्हणणे उद्धटपणाचे, पाणी मागायला लांबलचक आदरार्थी वाक्य लागते.

जपानीत आदराच्या अनेक पायऱ्या आहेत, त्यामुळे छोटे वाक्य उच्चारताना शिकणारा धास्तावतो. पण 'कुदासाइ' हे मुळातच आदराचे रूप आहे. रोखठोक वाटते ते 'कुरे', आणि ते घरच्यांत किंवा मित्रांतच चालते. उपाहारगृहात 'सुमिमासेन' अशी हाक मारून 'ओमिझु ओ कुदासाइ' म्हटले की पुरते. शेवटी 'ओनेगाइशिमासु' म्हटले तर आणखी मऊ. अनोळखी माणसाकडे किंवा कुणाच्या घरी पाहुणे असताना मात्र 'ओमिझु ओ इतादाकेमासु का' असे विचारणे शोभते.

गैरसमज २: 'नोदो गा कावाइता' म्हणजे मघाशी तहान लागली होती, आत्ताच्या तहानेला वर्तमानकाळच हवा.

'नोदो' म्हणजे घसा आणि 'कावाइता' हे 'कावाकु' (कोरडे पडणे) या क्रियापदाचे भूतकाळी रूप. व्याकरणाचा तक्ता पाठ केलेल्याला शंका येणारच. पण घसा कोरडा पडून झाला आहे आणि ती अवस्था अजून आहे, असा या रूपाचा अर्थ. नुसते 'कावाकु' म्हटले तर नेहमी पडतो किंवा पुढे पडेल असे सूचित होते. मराठीभाषकाला हे अवघड जाऊ नये: 'तहान लागली' हेही भूतकाळी रूपच, तरी पाणी लगेच पुढे केले जाते. 'कावाइते इमासु' हेही बरोबर आहे.

गैरसमज ३: 'मिझु' म्हणजे पाणी, तेव्हा गरम पाण्याला 'आत्सुइ मिझु' म्हणावे.

मराठीत पाणी गार असो की उकळते, ते पाणीच. म्हणून विशेषण जोडले की काम झाले असे वाटते. जपानीत 'मिझु' हे गारच. तापले की ते 'ओयु' होते. 'आत्सुइ मिझु' ऐकणाऱ्याला कळेल, पण कानाला खटकेल. पिण्याच्या साध्या गरम पाण्याला 'सायु' असा वेगळा शब्द आहे. उपाहारगृहात भर हिवाळ्यातही बर्फ घातलेले पाणी पुढ्यात येते. त्याला 'ओहिया' म्हणतात. कोमट पाण्याची सवय असलेल्याने म्हणूनच 'ओयु' किंवा 'सायु' मागावे.

गैरसमज ४: पाणी हवे का विचारल्यावर 'दाइजोबु देसु' म्हणजे होकार.

शब्दकोशात 'दाइजोबु'चा अर्थ 'ठीक, काही अडचण नाही' असा मिळतो, आणि तो चूकही नाही. पण कुणी काही देऊ केल्यावर तेच उत्तर दिले, तर 'त्यावाचून माझे ठीक चालले आहे', म्हणजे 'नको', असाच अर्थ सहसा घेतला जातो. 'केक्को देसु'चेही तसेच. ग्लास भरायला आलेला वाढपी नम्रपणे परत जातो आणि तहानलेले गिऱ्हाईक बुचकळ्यात पडते. पाणी हवे असेल तर सरळ 'हाइ, ओनेगाइशिमासु' म्हणावे.

गैरसमज ५: जपानमध्ये पाणी विकतच घ्यावे लागते, नळाचे पिऊ नये.

जागोजागी बाटल्यांनी भरलेली विक्रीयंत्रे दिसतात, त्यामुळे हा समज सहज होतो. प्रत्यक्षात बहुतेक उपाहारगृहांत बसल्याबरोबर पाणी किंवा चहा फुकट मिळतो. कुठे जग ठेवलेला असतो, आपले आपण ओतून घ्यायचे. नळाचे पाणी पिण्याजोगे राहावे यासाठी 1957 सालचा पाणीपुरवठा कायदा आहे. त्याखालील नियमांनुसार नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान 0.1 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेच पाहिजे. त्याचा हलका वास काहींना अशुद्धतेची खूण वाटतो. खरे तर ती निर्जंतुकीकरणाची खूण आहे. अपवाद एकच लक्षात ठेवावा: 'इन्यो फुका' अशी पाटी असलेल्या नळाचे पाणी पिण्यासाठी नसते.