करडई, जवस आणि कोलेस्टेरॉल : घरच्या तेलाचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यात पूर्वी रब्बी ज्वारीच्या कडेने करडईचा पट्टा हमखास असायचा. गुरांपासून पिकाला कुंपण आणि घरापुरते तेल, असे दोन्ही साधायचे. पुढे सोयाबीन-हरभरा आला, काटेरी पीक काढायला मजूर मिळेना आणि करडई मागे पडली. आता कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात आल्यावर अनेक जण घाण्याच्या करडई तेलाची चौकशी करतात. पाठोपाठ प्रश्न येतो, ‘हे तेल खाल्ले तर गोळी बंद होईल का?’

तेल बदलल्याने काय होते?

कोलेस्टेरॉल मुख्यतः आपले यकृतच तयार करते. आहारात संपृक्त चरबी जास्त असली की यकृत रक्तातील एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी उचलते आणि ते रक्तात साचते. पामतेलात संपृक्त चरबी जवळपास निम्मी असते, तर करडई तेलात साधारण 10 टक्क्यांपर्यंत. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात सुमारे 70 ते 75 टक्के लिनोलिक आम्ल असते. त्यामुळे पामतेल किंवा वनस्पती तुपाच्या जागी करडई वापरल्यास एलडीएल कमी होते. नेहमीच्या तेलात करडईची भर घातली, तर फक्त वजन वाढते.

- माणशी रोज 20 ते 25 ग्रॅम तेल पुरे.
- करडई तेल पुन्हा पुन्हा तापवू नये, ते लवकर खराब होते. तळणाचे उरलेले तेल परत वापरू नये.
- ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ या शब्दांना भुलू नये. कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते.
- मिश्र तेल घेताना कोणते तेल किती टक्के आहे, हे लेबलवर वाचावे.

जवस, हरभरा आणि डाळी

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवते. जवस, हरभरा, तूर, मेथी यांतील विद्राव्य तंतू आतड्यात हे पित्त धरून बाहेर टाकतात. नवीन पित्तासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल ओढावे लागते. जवस भाजून कुटूनच खावे. अख्खा दाणा न पचताच बाहेर पडतो. भाकरीसोबत रोज एक-दोन चमचे जवसाची चटणी चालते, पण रक्तदाब असल्यास मीठ बेताने घालावे.

घरापुरती करडई किती लावावी?

पाच माणसांना माणशी 25 ग्रॅमप्रमाणे वर्षाला सुमारे 45 किलो तेल लागते. एक क्विंटल करडईपासून घाण्यावर 25 किलो तेल धरले, तर 1.8 क्विंटल बी हवे. एकरी 4 क्विंटल उत्पादन धरल्यास अर्धा एकर पुरतो.

- जमीन : मध्यम ते भारी, ओल धरणारी, निचऱ्याची.
- पेरणी : सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. उशिरा पेरल्यास माव्याचा त्रास वाढतो.
- बियाणे : एकरी 4 ते 5 किलो, अंतर 45 × 20 सें.मी. परभणी कृषी विद्यापीठाचा पीबीएनएस-12 (परभणी कुसुम) हा वाण या भागात परिचित आहे.
- विरळणी : उगवणीनंतर 10 ते 15 दिवसांनी. निघालेल्या कोवळ्या रोपांची भाजी होते.
- मावा : शेताच्या कडेच्या ओळी आधी तपासाव्यात, प्रादुर्भाव तिथूनच सुरू होतो.
- काढणी : सकाळी दव असताना, हातमोजे घालून. तेव्हा काटे मऊ असतात.

गोळीचे काय?

आहारातील बदल उपयोगी आहे, पण त्याला मर्यादा आहे. स्टॅटिनची गोळी एलडीएल साधारण 30 ते 50 टक्के कमी करते; नुसते तेल बदलून एवढी घट होत नाही. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, स्टेंट बसवला आहे, मधुमेह आहे किंवा घराण्यातच कोलेस्टेरॉल जास्त आहे, त्यांनी तेलाच्या भरवशावर गोळी सोडणे जिवावर बेतू शकते. कोलेस्टेरॉल वाढल्याचे अंगाला जाणवत नाही, त्यामुळे ‘बरे वाटते’ हा निकष चालत नाही.

योग्य मार्ग असा : गोळी चालू ठेवून तेल, डाळी, चालणे आणि तंबाखूबंदी हे बदल तीन महिने करावेत, मग लिपिड तपासणी करावी. डोस कमी करायचा की नाही, ते रिपोर्ट पाहून डॉक्टरच ठरवतील. कृषी सहायकांनीही करडईचा प्रसार करताना ‘तेल औषधाला पूरक आहे, पर्याय नाही’ हे शेतकऱ्यांना स्पष्ट सांगावे.