सिस्टरांची झोप आणि माझं भाषण

१२ मे, परिचारिका दिन. एका रुग्णालयात ‘ताणमुक्त जीवन’ या विषयावर बोलून मी व्यासपीठावरून उतरलो. एक सिस्टर जवळ येऊन म्हणाल्या, “सर, छान बोललात. नाइट करून आठला सुटले होते, तुमच्यासाठी अकरापर्यंत थांबवलं आम्हाला.” बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. दीर्घ श्वास कसा घ्यावा हे मी ज्यांना शिकवत होतो, त्यांची तीन तासांची झोप माझ्यामुळेच गेली होती.

तेव्हापासून माझं भाषण बदललं. आता मी आधी गैरसमजांबद्दल बोलतो.

सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे, ‘मनाने कच्चे असतात तेच खचतात.’ अमेरिकेत पाच हजारांहून जास्त डॉक्टरांची पाहणी झाली, ती २०२० साली प्रसिद्ध झाली. त्यात डॉक्टर इतर नोकरदारांपेक्षा जास्त कणखर निघाले. आणि त्यांतल्या सर्वांत कणखर गटातही २९ टक्क्यांना बर्नआउट होताच. हा शब्द १९७४ साली रूढ केला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने. न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबताना तो स्वतःच पार संपून गेला होता. त्याचं निरीक्षण उलटंच आहे: जीव ओतून काम करणारेच आधी जळतात.

‘थकवाच तो, चार दिवस सुट्टी घ्या.’ जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तिच्यात थकवा हा तीनांपैकी एक भाग आहे. दुसरा म्हणजे कामाबद्दल आलेला दुरावा, तिरसटपणा. तिसरा, आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. संघटनेने त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं आहे. सुट्टीवरून माणूस परततो तो त्याच वॉर्डात.

‘आपल्याकडे नियमच नाहीत.’ आहेत की! निवासी डॉक्टरांना साधारणपणे सलग १२ तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून जास्त काम नसावं, असं केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगितलं होतं. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने शिफारस केली ती ७४ तासांची. बत्तीस वर्षांत आकडा २६ने वाढला, आणि तरीही कित्येक रेसिडेंटना ७४ ऐकून हसू येतं.

राहिला योगाचा आणि समुपदेशनाचा प्रश्न. ते निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही, म्हटलं तर माझंच मानधन बुडेल. अशा उपायांनी थोडा फरक पडतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. पण कामाची घडी बदलली तर जास्त पडतो. हवाईतल्या एका रुग्णालय समूहाने २०१७ मध्ये कर्मचाऱ्यांना साधा प्रश्न विचारला: संगणकावरच्या नोंदींतलं कुठलं काम तुम्हाला निव्वळ मूर्खपणाचं वाटतं? नर्सेसनी दर तासाच्या फेरीनंतर करावी लागणारी एक नोंद दाखवली. ती काढून टाकताच चार रुग्णालयांत मिळून नर्सेसचे महिन्याला सुमारे १,७०० तास वाचले. त्यासाठी कुणाला श्वास रोखायला लागला नाही, की सोडायला.

याच प्रश्नाचं उत्तर मी गेल्या वर्षी एका सभागृहात चिठ्ठ्यांवर लिहून मागितलं. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत एकच तक्रार होती: तीच माहिती तीन-तीन रजिस्टरांत भरावी लागते. एकीने लिहिलं होतं, ‘पेशंटजवळ बसायला वेळ मिळाला तर थकवा चालेल.’ मेट्रनबाईंनी चिठ्ठ्या मोजल्या, रबर लावून पर्समध्ये ठेवल्या. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. तीनांतलं एक रजिस्टर बंद झालं होतं. दुसऱ्यासाठी वरून परवानगी यायची होती.