मिसेस कार्पेंटरचं माहेर कुठलं?

डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट तुम्ही शाळेपासून ऐकलीये. त्या गोष्टीत एक अमेरिकन बाई येते, मिसेस कार्पेंटर. न्यू जर्सीतल्या रोझेल गावची. दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना तिने एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि चक्क हिंदुस्थानात पत्र धाडलं. जून १८८३मध्ये आनंदी न्यूयॉर्कला उतरली ती या ‘मावशी’च्याच भरवशावर.

पण या मावशीचं माहेर कुठलं? तिचे आईवडील कोण? सांगता येईल? नाही ना! कारण ती आपल्याला भेटते तीच नवऱ्याच्या आडनावाने.

असं हरवलेलं माहेर शोधता येतं बरं का. पहिला धागा तर आनंदीबाईंनीच ठेवलाय. २६ फेब्रुवारी १८८७ला त्या पुण्यात गेल्या. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी मावशीकडे पाठवल्या आणि मावशीने त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत, आपल्या घरच्या जागेत ठेवल्या. ती जागा कार्पेंटरांची नाही, एग्मी घराण्याची आहे. हेच थिओडिसियाचं माहेर!

आता पुढे? जनगणना. अमेरिकेत ती दर दहा वर्षांनी होते. पण १८४०पर्यंत यादीत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायका-मुलं म्हणजे वयाच्या रकान्यातले नुसते आकडे! १८५०मध्ये पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं. गुलामांना तेव्हाही नाव नव्हतंच. कुटुंबप्रमुखाशी नातं काय आणि आईवडील जन्मले कुठे, हे विचारलं १८८०पासून. १८९०च्या नोंदी शोधू नका. १९२१मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत त्यांची वाट लागली.

जनगणनेत नाही सापडलं, तर मृत्युपत्रं बघायची. बाप वाटणी लिहिताना लग्न झालेल्या मुलींचीही नावं घालायचा, म्हणजे माहेर-सासर एकाच कागदावर. जमिनीची खरेदीखतंही कामाची. नवऱ्याच्या जमिनीत बायकोचा हक्क असायचा, म्हणून विकताना तिची संमती घ्यायचे. तिथे ‘मिसेस’ नाही, तिचं स्वतःचं नाव मिळतं. यातलं बरंचसं ‘फॅमिलीसर्च’ या साइटवर फुकटात बघता येतं.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. स्पेलिंग! कारकून ऐकेल तसं लिहायचा. थिओडिसिया कुठे थिओडोशिया होते, एग्मीचं शेपूट कुठे ‘आय-ई’, तर कुठे ‘वाय’. त्यामुळे नाव जुळलं म्हणून उड्या मारायच्या नाहीत. वय, गाव, भावंडं असं किमान दोन-तीन गोष्टींनी जुळवून बघायचं. इंटरनेटवर कुणीतरी चढवलेली वंशावळ कॉपी-पेस्ट केलीत, तर त्याच्या चुकाही तुमच्या पदरात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण सातासमुद्रापलीकडच्या एका अनोळखी मुलीसाठी जिने घराचं दार उघडलं, अखेर माहेरच्या मातीतही जागा दिली, तिला आपण अजून नवऱ्याच्या नावानेच ओळखतो. आणि हे फक्त अमेरिकेतलं नाही हं. आनंदी हे नावसुद्धा सासरचं. माहेरी ती यमुना होती.

आपल्या घरातही तेच. पणजोबांचं नाव पटकन सांगाल. पणजीचं माहेरचं नाव? आज घरी गेलात की आजीला विचारा आणि वहीत तारखेसकट लिहून ठेवा. तिला आठवतंय तोवरच.