कॉमिक्सना ऊन दाखवू नका

मराठवाड्याची हवा कोरडी, कोकणासारखी बुरशीची धास्ती नाही. तेव्हा जुनी कॉमिक्स पत्र्याच्या ट्रंकेत घालून माळ्यावर टाकली की काळजी मिटली, असे जालना, अंबड, परतूर, भोकरदनकडच्या घरांत सर्रास धरून चालतात. यातले निम्मे खरे आहे. दमट किनाऱ्यावर जो अंक एका पावसाळ्यात करड्या डागांनी भरेल, तो इथे वर्षानुवर्षे बिनडाग राहू शकतो. पण माळ्यावरची तीच ट्रंक वीस-पंचवीस वर्षांनी उघडली की ‘वेताळ’चा अंक दिसायला धड असतो आणि पान उलटताच कोपरा हातात येतो. बुरशी नाही, कसर नाही, उंदराने तोंड लावलेले नाही, तरी कागदातला जीव गेलेला. बाहेरून कुणी हल्ला केलेला नसताना हे घडते, आणि आपले बहुतेक उपाय मात्र बाहेरच्या हल्लेखोरांसाठीच असतात. कॉमिक्स सांभाळण्यातली मूळ गफलत ही आहे.

‘वेताळ’च्या गोष्टी छापणारे ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मार्च १९६४ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये बंद पडले. मुलांच्या खाऊच्या पैशांत बसावेत म्हणून त्या काळचे असे अंक बहुतांशी वर्तमानपत्राच्या जातीच्या स्वस्त कागदावर छापले जात. हा कागद लाकूड यंत्रात भरडून केलेल्या लगद्याचा असतो. लाकडातले लिग्निन त्यात तसेच राहते, आणि उजेड व हवा लागली की तेच पिवळे, मग तपकिरी पडते. त्यातून आम्ल तयार होते, काही आम्ल कागद बनवतानाच्या तुरटीतून आधीच आलेले असते, आणि हे आम्ल कागदाचे तंतू आतून तोडत राहते. म्हणजे अंक छापून झाला त्या दिवसापासून झीज सुरू आहे. ती थांबवणे घरी शक्य नाही; तिचा वेग मात्र आपल्या हातात असतो. हा वेग सगळ्यात जास्त वाढवते ती उष्णता. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढले की झिजेचा वेग दुप्पट होतो किंवा त्याहूनही वाढतो. जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, आणि पत्र्याखालचा किंवा उघड्या स्लॅबखालचा माळा खोलीपेक्षाही तापतो. तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत जो अंक पन्नास वर्षे निघेल, तो माळ्यावर निम्म्या काळातच तुकडे व्हायच्या अवस्थेला येऊ शकतो. तिथे नुसता कोरडेपणा पुरत नाही. फार कोरड्या हवेत कागद उलट जास्तच कडक आणि ठिसूळ होतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. पणजोबांच्या पोथ्या लाल कापडात बांधून, वेखंडाची पुरचुंडी घालून फडताळात ठेवल्या होत्या. त्या दीडशे-दोनशे वर्षे टिकल्या, मग हीच पद्धत कॉमिक्सना का चालू नये? उत्तर कागदात आहे. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतके हातकागद बनत आला. असा कागद चिंध्यांच्या, म्हणजे कापडाच्या धाग्यांच्या लगद्याचा. त्यात लिग्निन जवळजवळ नाही, धागे लांब आणि चिवट. तो कागद मुळातच टिकाऊ होता. बासनाने त्याला फक्त धुळीपासून आणि किड्यांपासून राखले. वेखंड, कडुनिंब, तंबाखूची पाने यांच्या वासाने कीड थोडी लांब राहते हे मान्य. पण कागदाच्या पोटातल्या आम्लावर त्यांचा काडीचा परिणाम होत नाही. त्यातही निंबाचा पाला ओलसर राहिला तर तोच ओल आणि डाग देतो.

आता उन्हाळ्यातला दुसरा समज. माळा नको म्हणून कॉमिक्स कूलरच्या खोलीत आणली की ती गारव्यात सुरक्षित, असे वाटते. कूलर काय करतो ते नीट पाहिले पाहिजे. वाळ्याच्या किंवा गवताच्या ओल्या ताट्यांतून तो हवा ओढतो. हवा गार होते ती पाणी पिऊनच. मेमधल्या दुपारी बाहेरच्या हवेची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास असते. कूलरसमोर ती साठ-सत्तर टक्क्यांवर जाऊ शकते. साधारण पासष्ट टक्क्यांच्या पुढे बुरशीला अनुकूल काळ सुरू होतो. त्याहून मोठा त्रास चढ-उताराचा. दुपारी कूलर चालू, वीज गेली की बंद, संध्याकाळी परत चालू. कागद ओल घेऊन फुगतो, सोडून आक्रसतो. वरचे गुळगुळीत मुखपृष्ठ आणि आतला खरखरीत कागद सारखे फुगत नाहीत, म्हणून अंकाला लाटा येतात. मधल्या पानावर दोन पिनांशी पाहावे: लोखंडी पिनेभोवती आधी फिकट तपकिरी कडे येते, मग गंज कागदात उतरतो, आणि एके दिवशी मधले जोडपान त्या दोन भोकांपासून अलगद सुटते. जालना जिल्ह्यात बुरशीच्या नावाने निर्धास्त असलेल्या घराला हा गंज गाठतो. अशी पिन बोथट पातळ पट्टीने पाय सरळ करून काढावी आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवावा. नवी पिन ठोकू नये.

पावसाळा सरला की गोधड्या, डाळी यांच्याबरोबर पुस्तकांनाही ऊन दाखवायची आपली जुनी चाल आहे. डाळीला ऊन मानवते, कारण त्यातला ओलावा आणि किडे घालवायचे असतात, आणि डाळ पुढच्या वर्षी खाऊन संपते. कॉमिक्सवर त्याच उन्हातले अतिनील किरण लिग्निन भराभर पिवळे करतात आणि रंग उडवतात. लाल आणि पिवळा बहुधा आधी जातो. उडालेला रंग परत येत नाही. ओल गेली पाहिजे हे खरे, पण त्यासाठी सावली आणि वारा पुरे. ऑक्टोबरात कोरड्या दिवशी आतल्या खोलीत पंख्याखाली अंक दोन-तीन तास उभे उघडून ठेवले की काम होते.

डांबराच्या गोळ्यांबद्दल मात्र सौम्य बोलून चालणार नाही. लहान मुले वावरतात त्या खोलीत त्या नकोतच. त्यांतले नॅफ्थलीन कर्करोगकारक असू शकते असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वर्गीकरण केले आहे, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटतात. कसर किंवा वाळवी खरोखर लागली असेल तर उपाय वेगळे. वाळवीचा बंदोबस्त भिंतीत आणि जमिनीत करावा लागतो, काळ्या मातीवरच्या जुन्या माळवदाच्या घरात तर नक्कीच. कसर लागलेला अंक जाड पॉलिथिन पिशवीत घट्ट बंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे अठरा अंशांवर दोन आठवडे ठेवावा आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नये, नाहीतर गार कागदावर दव धरते.

प्लॅस्टिकबद्दल दोन टोकांचे समज आहेत: कुणी सगळेच प्लॅस्टिक वाईट म्हणतो, कुणी लॅमिनेशन करून आणतो. लॅमिनेशनमध्ये कागदावर उष्णता आणि चिकट द्रव्य दोन्ही बसते आणि ते पुन्हा सोडवता येत नाही. आतले आम्ल आतच राहते. चिकटपट्टी त्याच पंथातली, काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा पिवळा डिंक कागदात मुरलेला राहतो. मऊ, वास मारणारी पीव्हीसी पाकिटेही टाळावीत. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटे मात्र चांगली; तोंड चिकटवून बंद करू नये, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालावा. पुठ्ठा मिळाला नाही तर नुसते पाकीट चालेल, पण वर्तमानपत्राची घडी घालू नये, कारण तोच आम्लाचा कागद पाठीला लागतो.

ट्रंकेला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. पत्र्याला वाळवी लागत नाही, उंदीर शिरत नाही, उजेड जात नाही. तिचा दोष जागेचा आहे. तीच ट्रंक, किंवा रंग न उडालेले लोखंडी कपाट, आतल्या भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून विटांवर उचलून, कूलरच्या झोतापासून लांब ठेवले तर प्लायवूडच्या कपाटापेक्षा सरस ठरते. प्लायवूडच्या डिंकातून आणि लाकडातून आम्लाची वाफ येत राहते. जाड मातीच्या भिंतींचे माळवदाचे घर असेल तर मधली अंधारी खोली या कामाला नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यापेक्षा चांगली, फक्त छत गळत नाही याची खात्री हवी. काहीशे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक तिथे वर्षभर टांगला तर अंदाज करावा लागत नाही: तीस ते पन्नास टक्के उत्तम, साठच्या पुढे सावध.

‘चांदोबा’चे बारा अंक एकत्र बांधून घ्यायची पद्धत संग्राहकांना खटकते, कारण बांधणारा कडा कापतो आणि कधी मुखपृष्ठेही काढून टाकतो. तरी ज्यांच्याकडे जुने बांधीव खंड आहेत त्यांनी ते सोडवू नयेत. जाड पुठ्ठ्यांमुळेच कडा शाबूत राहिलेल्या असतात आणि ठिसूळ पाने सोडवताना तुटतात. सुटे अंक मात्र बांधू नयेत. आणि स्कॅन केले म्हणून अंक रद्दीत घालणे तर नकोच. बालभारतीने १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक संकेतस्थळावर खुले केले, हे मोठे काम आहे आणि वाचायला ते पुरे. पण ‘इंद्रजाल’च्या मराठी अंकांमागे अशी संस्था उभी नाही, त्यांतल्या जाहिराती, छपाईचा खडा ठिपका, अनुवादकाने निवडलेले शब्द हे सगळे आज बहुतांशी घराघरांतल्या कपाटांत शिल्लक आहे. एप्रिलचे ऊन चढायच्या आत माळ्यावरची ट्रंक खाली आणावी.