जुन्या अमिगाला नवी डिस्क : फाइल सिस्टिम कोणती निवडावी?

कमोडोर कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेला अमिगा हा संगणक आजही जगभरातील छंदिष्टांनी जिवंत ठेवला आहे. कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली. संगणक टिकले, पण त्यांच्या मूळ हार्डडिस्क एकेक करून बंद पडत गेल्या. त्यामुळे अमिगा १२०० सारख्या यंत्रात डिस्कऐवजी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवण्याचा प्रघात पडला. कार्ड स्वस्त आणि ऐसपैस; मात्र हा ऐसपैसपणाच अनेकांना भोवतो.

कोणती फाइल कोठे आहे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था म्हणजे फाइल सिस्टिम. अमिगाची मूळ व्यवस्था फ्लॉपीच्या मापाची होती. ५१२ बाइटच्या प्रत्येक खणातील २४ बाइट ती स्वतःच्या नोंदींसाठी अडवून ठेवी. पुढे आलेल्या ‘फास्ट फाइल सिस्टिम’ने, म्हणजेच एफएफएसने, ही जागा मोकळी केली आणि वेगही वाढवला. तिची जुनी आवृत्ती मात्र डिस्कवरील पत्ते ३२ बिटांत मोजते. ४ गिगाबाइटनंतर ही मोजणी, जुन्या मोटारीच्या मीटरप्रमाणे, पुन्हा शून्यावर येते. परिणामी पाचव्या गिगाबाइटमध्ये लिहिलेला मजकूर डिस्कच्या आरंभी, नेमका विभागांच्या तक्त्यावर किंवा संगणक सुरू करणाऱ्या विभागावर, जाऊन पडतो. धोक्याची सूचनाही मिळत नाही. पलीकडच्या विभागात काही लिहिले जाईपर्यंत सारे सुरळीत भासते, हे अधिक घातक.

दुसरी अडचण विजेची. लेखन सुरू असताना वीज गेल्यास एफएफएसला संपूर्ण विभाग तपासावा लागतो. विभाग मोठा असेल तर बराच वेळ जातो. ‘पीएफएस३’ नवी नोंद मोकळ्या जागी लिहून अखेरीस एकदमच लागू करते. त्यामुळे विभाग एक तर जुन्या स्थितीत राहतो, नाही तर नव्या, अर्धवट नाही.

मोठ्या कार्डासाठी ‘पीएफएस३’ची ‘ऑल-इन-वन’ आवृत्ती हीच सोयीची निवड ठरते. ४ गिगाबाइटपलीकडे पोहोचण्याचा मार्ग ती स्वतःच शोधते. ती डिस्कच्या आरंभीच्या तक्त्यात नोंदवावी लागते, एवढाच खटाटोप. एफएफएस २.० पासून रॉममध्येच असल्याने तो वाचतो, पण ३.१ किंवा त्याआधीच्या यंत्रणेवर ती वापरायची, तर सर्व विभाग पहिल्या ४ गिगाबाइटमध्ये आखून उरलेले कार्ड रिकामे सोडावे. २०१८ च्या ३.१.४ आवृत्तीत हे बंधन उरले नाही.

फाइल सिस्टिम बदलताना विभाग नव्याने फॉरमॅट करावा लागतो आणि जुना मजकूर हाती राहत नाही. त्यामुळे आधी त्याची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी.