फवारणी शेतात, बुरशी छातीत

द्राक्षांवर भुरी आली की बागायतदार हेक्झाकोनॅझोल फवारतो. फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढली की डॉक्टर व्होरिकोनॅझोल देतात. नावांचे शेपूट सारखे, कारण घराणे एकच. दोन्ही औषधे बुरशीच्या पेशीचे आवरण नीट बनू देत नाहीत.

अ‍ॅस्परजिलस हा पिकावरचा रोग नव्हे. ही बुरशी कुजणाऱ्या पालापाचोळ्यात राहते. फवाऱ्याचा अंश तिथे पोचतो. औषधाला दाद न देणारी तेवढी उरते, वाढते आणि तिचे बीजाणू हवेतून आपल्या श्वासात येतात. नेदरलँड्समध्ये ट्यूलिपचे कंद लावणीपूर्वी अशा औषधात बुडवतात. तिथे १९९८ सालच्या रुग्णांच्या नमुन्यांत ही निर्ढावलेली बुरशी सापडली, पुढे टाकाऊ कंदांच्या ढिगातही. भारतातल्या मातीत ती असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले.

यातल्या कित्येक रुग्णांनी अशी गोळी आयुष्यात घेतलेली नव्हती! मग ॲम्फोटेरिसिन बी शिरेतून द्यावे लागते, आणि ते मूत्रपिंडाला जड जाते.

धडधाकट माणसाने घाबरू नये. रक्ताचा कर्करोग किंवा अवयवरोपण झालेल्यांनी मात्र खताचा ढीग उकरू नये. जुन्या क्षयाच्या रुग्णाला खोकल्यातून रक्त पडले, तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आपल्या फवारणीचेही सांगावे.